बिलकिसचं काज

"बिलकिसचं काज मी अंधारातबी वयखीन," असं नजीर मास्तर गिऱ्हाइकाला म्हणायचे आणि शर्ट उलटा करून दाखवायचे.

खामगावात बाजारामागच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान. कापणं, शिवणं त्यांचं. काज करणं घरी बायकोचं, बिलकिसचं. गावात काजाची मशीन आली, बाकीच्यांनी ती धरली. मास्तरांनी नाही. काज म्हणजे तरी काय, नव्या कापडाला मुद्दाम दिलेली चीर आणि ती उसवू नये म्हणून काठानं घातलेली गाठींची रांग. शर्टाचं शेवटचं काज ते आडवं ठेवायचे. माणूस बसला, वाकला, तरी तिथलं बटन सुटत नाही. पण ते तर पँटीच्या आत जातं, कोण पाहतं, असं लोक विचारत. "अंगाले समजते," मास्तर म्हणत. एखादं काज मनासारखं उतरलं नाही की ब्लेडनं उसवून बिलकिसपुढं टाकत. ती मुकाट्यानं पुन्हा सुई ओवायला घ्यायची.

मे महिन्यात बिलकिस गेली. तिला कफनात पाहताना मास्तरांच्या मनात आलं, या कापडाला टाका नाही, काज नाही, बटन नाही. मग काही दिवसांनी ते घरात शोधायला लागले. तिच्या हातचं एकही काज सापडलं नाही. सगळं लोकांच्या अंगावर गेलं होतं. मास्तर स्वतः जन्मभर बनियनवर मशीनला बसले, आणि ईदच्या कुर्त्याला टिचबटनं.

तेव्हा त्यांना उकंडराव आठवले. जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर होते, आता घरीच असत. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी पांढरा शर्ट शिवून घेतला होता. बिलकिसकडून आलेला तो शेवटचा. मास्तरांनी कापडाच्या त्याच थानातून तसाच दुसरा शर्ट शिवला. काजं स्वतः केली, वेडीवाकडी झाली. एका दुपारी तो घेऊन ते उकंडरावांकडे गेले.

उकंडरावांना हसू आलं. "नवा देऊन जुना मांगणारा टेलर म्या पयल्यांदा पाह्यला. वांग्याच्या भाजीचा डाग पडेल हाय त्याच्यावर, मास्तर."

"राहू द्या. तिचं शेवटचं हाय ते."

उकंडरावांनी आत हाक मारली. त्यांची बायको आशाबाई आतून शर्ट घेऊन आली. मास्तरांनी तो दाराच्या उजेडात धरला, खालचं आडवं काज शोधून त्यावरून अंगठा फिरवला. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवला.

"पाहा वहिनी, असं काज आता कोन करीन? शेवटी शेवटी तर तिचा हात लयच बसला होता. मी सांगितलंबी होतं तिले."

उकंडराव चहा ठेव म्हणाले. आशाबाई हलली नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"भाऊ, ते म्या केलं हाय."

मास्तरांनी काज पुन्हा उजेडात धरलं.

"दोन वर्षं झाले, भाभीचे हात कापत होते. सुईत दोरा जाये ना. दुपारी गठ्ठा घेऊन इथं ये, मले शिकवे, बाजूले बसून राहे. म्हणे, त्याइले सांगू नोको. त्याइले चुकलेलं खपत नाही, अन् मले आता उसवेल काज पाह्यवत नाही. तुमी तारीफ केली का दुसऱ्या दिवशी मले येऊन सांगे. खुशीनं सांगे, भाऊ."

मास्तरांना चहाचा पेला आठवला. दोन वर्षांत बिलकिसनं तो कधी हातात दिला नव्हता. जमिनीवर ठेवून पुढं सरकवायची, थोडा सांडायचाच. आपटते काऊन, असं ते खेकसायचे. ती फडक्यानं पुसून घ्यायची. मनात कसला तरी राग धरून आहे, एवढंच ते समजले होते.

"काय फरक पडते, मास्तर," उकंडराव हळूच म्हणाले. "काज तर चांगलंच हाय. घेऊन जा."

मास्तरांनी शर्ट आशाबाईच्या मांडीवर ठेवला. नवाही तिथंच खाटेवर राहिला. उकंडराव थांबा म्हणत होते. मास्तर उठले, दारातल्या चपला पायानं चाचपून घातल्या आणि बाहेर पडले.