तात्यांच्या हातचा 'आर'

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. एका मुलीची चांगली किडनी माझ्या चुकीमुळे काढली जाणार होती. ते उघडकीला आलं तेव्हा मी गप्प बसलो.

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन होतो. वय चोवीस. पुण्याहून कोर्स करून आलेला, त्यामुळे अंगात हुशारी जरा जास्तच. डार्करूमला तात्या होते. अंधारात फिल्म धुवायची, वाळत घालायची, हे त्यांचं काम. शिक्षण चौथीपर्यंत. पण ओल्या फिल्मवरूनच हाड कुठं मोडलंय ते सांगायचे. मला 'पुणेकर' म्हणायचे.

कर्जतकडून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, छबूला, घेऊन आली. छबूची पाठ उजवीकडे वाकलेली होती आणि त्या बाजूला उंचवटा आला होता. शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी थंडी वाजून ताप यायचा, पोटात दुखायचं.

"पोटुशी असताना मी गिराणात भाजी चिरली हुती," बाई हाडांच्या डॉक्टरांना म्हणाली. "सासू नगं नगं म्हनत हुती. माझ्यामुळंच झालं हे."

"ग्रहणाचा काही संबंध नाही, बाई. तुमची काही चूक नाही."

डॉक्टरांनी तिला फिल्म दाखवली. मणके एकावर एक रचलेल्या विटांसारखे असतात. छबूचा एक मणका आईच्या पोटातच अर्धा तयार झाला होता, पाचरीसारखा. त्याच्यावरची भिंत कलणारच. मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "मणके घडतात त्याच सुमाराला गर्भाची किडनी, हृदय घडत असतं. एक बिघडलं की बाकीचं बघायचं. अशा मुलांत काहीही सापडू शकतं. हृदय ठीक वाटतंय. हिचं आयव्हीपी कर."

आयव्हीपी म्हणजे शिरेतून एक औषध देतात. ते किडनीतून उतरताना फिल्मवर पांढरं उमटतं. किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं.

छबूला मी टेबलावर उताणं झोपवलं. पाठीचा उंचवटा कडक टेबलाला टेकला आणि ती कळवळली. मग मी तिला पालथं झोपवलं.

"फोटूत मी सरळ दिसंन का?" तिनं विचारलं.

"हलली नाहीस तर दिसशील," मी म्हणालो. ती श्वास रोखून पडून राहिली.

फिल्मवर उजवी बाजू कळावी म्हणून आम्ही शिशाचं 'आर' अक्षर ठेवतो. मी ते टेबलाच्या रोजच्या बाजूला ठेवलं. माणूस पालथा झाला की त्याचा उजवा हात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जातो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

फिल्म धुतल्यावर तात्यांनी मला हाक मारली. अक्षर कडेला सरकलं होतं, नुसता अर्धवट डाग आला होता. अशा वेळी ते पांढऱ्या शाईनं अक्षर लिहायचे.

"पुणेकर, उजवी कुठली?"

"डाग आहे तीच. तिथंच 'आर' लिहा."

तात्यांनी फिल्म दिव्यापुढे धरली. "पन ही जठरातली हवा बघा. ती कायम डाव्या अंगाला असती. हितं उजवीकडं दिसतीय."

"तात्या, अशा मुलांत काहीही कुठेही असतं. आत्ताच डॉक्टर म्हणाले."

"व्हय का?" ते थोडा वेळ बघत राहिले. "बरं. तुमी शिकल्यालं." आणि त्यांनी 'आर' लिहिला.

फिल्ममध्ये एक किडनी छान उमटली होती. दुसरी फुगलेली, जवळजवळ निकामी. अक्षराप्रमाणे निकामी होती ती उजवी. सर्जननी ती काढायचं ठरवलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हाडांचे डॉक्टर सहज थिएटरशी आले. त्यांनी लावलेली फिल्म पाहिली. मग छबूला कुशीवर वळवून तिच्या पाठीवरून हात फिरवला. परत फिल्म पाहिली.

"हिची पाठ उजवीकडे वाकलीय," ते सर्जनना म्हणाले. "तुमच्या फिल्ममध्ये डावीकडे. थांबा."

आम्हा दोघांना बोलावणं आलं. डॉक्टरांनी फिल्म टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"हे अक्षर कुणी लिहिलं?"

"मी, सर," तात्या म्हणाले. ते खरंच होतं.

"पोरीला एकही चांगली किडनी उरली नसती, तात्या. कळतंय का?"

"व्हय, सर."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बसमध्ये शेजारच्याचं उतरायचं ठिकाण आलं की आपण जसं बघतो, तसं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. हे कारण आहे. माफी मागायला पुरेसं नाही.

छबूची डावी किडनी निघाली. ताप थांबले. पाठ आणखी वाकू नये म्हणून छातीभोवती प्लॅस्टरचं जाकीट बसवलं. घरी जाताना तिची आई माझ्या पाया पडायला वाकली. "तुमच्या फोटूमुळं पोर वाचली," म्हणाली. तेव्हाही मी काही बोललो नाही. नसलेला दोष ती नऊ वर्षं वागवत होती, आणि मला माझा दोष एका सकाळपुरतासुद्धा घेववला नाही.

तात्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले गावाकडच्या आमच्याच संस्थेच्या छोट्या दवाखान्यात पाठवलं. तिथं एक्स-रे मशीन नव्हतं. ते पाणी भरायचे, केसपेपर काढायचे. पुन्हा कधी डार्करूममध्ये गेले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो. ठरवूनच गेलो होतो. त्यांनी आमटी-भात वाढला.

"त्या पोरीची पाठ कशी हाय?" जेवता जेवता त्यांनी विचारलं.

"वाकडीच आहे. पण चांगली आहे. लग्न झालं."

"मग झालं की. भात घ्या अजून."

मी भात घेतला. चारच्या गाडीनं परत आलो. पुढच्या वर्षी तात्या गेले.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. नव्या टेक्निशियनना मी शिकवतो: पेशंट झोपल्यावर त्याला उजवा हात वर करायला सांगा, आणि मगच अक्षर ठेवा. डार्करूमवाल्यानं शंका काढली तर फिल्म पुन्हा बघा. त्यांना वाटतं, हे पुस्तकात असेल.

तात्यांचा मुलगा अकोल्यात राहतो. बापानं दवाखान्यात मोठी चूक केली होती, एवढंच त्याला ठाऊक आहे. शाई तात्यांची होती, चूक माझी होती, आणि त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं, हे त्याच्यासमोर बसून सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.