खोक्यांच्या फळ्यांचं स्टूल

माझी लेक सैन्यात आहे. सध्या तिची तुकडी घरापासून फार लांब तैनात आहे. तिथला म्हातारा आचारी गुडघेदुखीने बेजार आहे, तरी दिवसभर उभा राहून भाज्या चिरतो. लेकीने सामानाची रिकामी खोकी मोडली, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केले आणि त्याला एक उंच स्टूल करून दिलं.

पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "हे सरकारी सामान नाही. चुलीत घाला."

ही बया त्याच स्टुलावर जाऊन बसली. "घाला साहेब, पण आधी मला उठवा."

शेवटी दोन जवानांनी तिला दंडाला धरून उठवलं. स्टूल जळालं, आणि हिला महिनाभर रात्रीचा पहारा लागला.

आज फोनवर मी म्हटलं, "बये, जरा नमतं घे. पुन्हा असं केलंस तर घरी पाठवतील."

"आई, काकांचे गुडघे हुकूम ऐकत नाहीत ना! दुसरं करायला घेतलंय. पाय तासूनही झाले."

मग मी म्हटलं, "या वेळी त्याला पाठही कर. टेकायला बरं पडेल."