ग्यानबाच्या नावावर

बोरखडीच्या पारावर बाईमाणसानं बसायचं नसतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मनकर्णाबाई बसते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. चारठाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. कुणाला कळपासाठी एडका घ्यायचा असला, की तो आधी मनकर्णाबाईपुढं आणून उभा करायचा. ती त्याची पाठ दाबून बघायची, ओठ वर करून दात बघायची, चार पावलं चालवून बघायची. मग चिलमीचा एक झुरका घेऊन "घ्या" नाहीतर "सोडा" एवढंच म्हणायची. तिच्या "सोडा"वर मानवतच्या बाजारातले सौदे मोडलेले होते.

चिलीम तिच्या हाती आली ती नवऱ्यामुळं. लग्नानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात मेंढरं घेऊन दोघं रानात उतरलेली असताना तिची दाढ ठणकायला लागली. दोन दिवस ती भाकरीला शिवली नाही, तेव्हा ग्यानबानं आपली चिलीम पुढं केली. दाढ पुढं पडून गेली, चिलीम राहिली. त्यांच्या आळीत वयाच्या बायका सगळ्याच ओढायच्या. तिची जिवाची मैत्रीण भागुबाई तर चुलीपुढं बसून एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातात चिलीम धरायची. पाहुणा आला की आधी पाणी, मग तंबाखू. नको म्हणणारा माणूस आजारी तरी असायचा, नाहीतर रुसलेला.

चव्वेचाळीस साली पटकीत ग्यानबा गेला. पदरात एकच लेक, कमलबाई, ती वालूरला दिलेली. तेराव्याला आलेली सगळी माणसं पारावर बसली होती. चिलीम फिरत फिरत आली आणि येडबा म्हाताऱ्यानं ती खाली ओट्याशी बसलेल्या मनकर्णाबाईच्या हातात दिली. म्हणाला, ग्यानबाची मेंढरं आता तूच राखणार, तर ग्यानबाची जागाही तूच घे. त्या दिवसापासून ती पारावर बसू लागली. साठ मेंढरं तिनं एकटीनं राखली, आणि चार सालांत त्यांची नव्वद केली.

मग अठ्ठेचाळीसचा पावसाळा आला. गावोगाव धरपकड चालली होती. गावच्या देशमुखांचा थोरला मुलगा व्यंकटराव परभणीला शिकायला होता, तो निजामाच्या विरोधातल्या पोरांत सामील झालेला. त्याच्या नावावर पकडवारंट निघालं. बापाच्या घरी जायची सोय नव्हती. एका सकाळी तो डोंगरातल्या मनकर्णाबाईच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्याशी आला तेव्हा तापानं त्याचे डोळे तांबडे झाले होते आणि पायात काटे मोडलेले होते. देशमुखांचा लेक आपल्या वाडग्यात कसा ठेवायचा, हा विचार तिनं केलाच नाही. तिनं त्याला कोकरांमध्ये निजवलं आणि वर घोंगडी टाकली.

एकोणीस दिवस तो तिथं होता. शेळीचं दूध, ज्वारीच्या कण्या आणि गुळवेलीचा काढा यांवर तिनं त्याला उभं केलं. ताप उतरल्यावर हुडहुडी राहिली, तेव्हा तिनं त्याला चिलीम भरून दिली. पहिल्या झुरक्याला तो खोकून खोकून बेजार झाला, चौथ्या दिवशी स्वतः मागू लागला. तो तिला माय म्हणायचा. ती त्याला लेकरा म्हणायची, आणि त्याच्या घरच्यांना हे कळलं तर काय होईल म्हणून दोघंही हसायची.

बाराव्या दिवशी दुपारी घोड्यावरचे चार शिपाई वर आले. व्यंकटराव घोंगडीखाली होता आणि त्याच्या पाठीवर दोन कोकरं बसलेली होती. मनकर्णाबाई वाडग्याच्या तोंडाशीच बसली. तिनं चिलीम भरली, ओली चिंधी गुंडाळली आणि त्यांच्या जमादाराला सरळ काडी मागितली. बाईनं काडी मागावी याची त्या माणसाला मौज वाटली. तो घोड्यावरून उतरला, त्यानं स्वतः काडी ओढून दिली आणि तिच्या हातची चिलीमही ओढली. इथून कुणी गेलं का, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं की कालपास्नं फक्त लांडगा येऊन गेला, आणि एक मेंढी नेली. ते हसत हसत उतरणीला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत ती चिलीम ओढत राहिली. मग उठून तिनं घोंगडीवरची कोकरं बाजूला केली.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. व्यंकटराव गळ्यात हार घालून वाजतगाजत गावात शिरला, तो देवळातून थेट पारावर आला आणि मनकर्णाबाईच्या शेजारी बसला. सगळ्यांच्या देखत त्यानं तिच्या हातातली चिलीम घेतली. "या मायनं आणि हिच्या चिलमीनं मला राखलं," तो म्हणाला. "गावानं हे इसरू नये." गाव विसरणार नव्हतं. पुढं चार-पाच वर्षं ही गोष्ट लग्नात, बारशात, बाजारच्या वाटेवर सांगितली जायची.

पण काळ काही एका जागी थांबत नाही. छप्पनला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. गावात शाळेची पक्की खोली झाली, एसटी फाट्यापर्यंत येऊ लागली. पंचायतीची निवडणूक लागली तेव्हा व्यंकटराव उभे राहिले. आता त्यांना अरेतुरे कुणी करत नव्हतं. मनकर्णाबाईनं साऱ्या आळीला बजावून सांगितलं होतं की मत आपल्या लेकरालाच द्यायचं, आणि आळीनं दिलं. व्यंकटराव सरपंच झाले. पारावर येणं त्यांचं कमी झालं, पण कामं वाढली असतील असं ती म्हणायची.

शाळेवर दिनकरराव नावाचे मास्तर आले होते. माणूस सरळ होता. मुलांना दात घासायला लावायचा, विहिरीत औषध टाकायचा. तंबाखूनं छाती जळते, असं तो सांगायचा, आणि मनकर्णाबाईला ते खोटं वाटत नव्हतं. तिला स्वतःला पहाटे खोकल्याची उबळ यायची. तिनं मास्तरला एकदा विचारलंही, की छाती काय फक्त बायांचीच जळते का. मास्तर ओशाळून म्हणाले, तसं नाही, सगळ्यांचीच जळते.

अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात बातमी आली, की विकास ब्लॉकचे मोठे साहेब गाव बघायला येणार आहेत. गाव सुधारलेलं दिसलं तर बक्षीस मिळणार, रस्ता होणार. गल्ल्या झाडल्या गेल्या, भिंतींना चुना लागला. एक दिवस पाराच्या मागच्या भिंतीवर डांबरानं ठळक अक्षरं लिहिलेली मनकर्णाबाईला दिसली. तिला वाचता येत नव्हतं. जवळच उभ्या असलेल्या मुंजाजी कोतवालाला तिनं विचारलं. मुंजाजी खाली बघत म्हणाला, पंचायतीचा ठराव झालाय, पारावर चिलीम-बिडी ओढायची नाही, आणि बायांनी तर गावात कुठंच चव्हाट्यावर ओढायची नाही.

"कुणी केला ठराव?" तिनं विचारलं.

मुंजाजीनं देशमुखांच्या वाड्याकडं बघितलं. साहेब येऊन जाईपर्यंतच असेल, अशी तिनं मनाची समजूत घातली. रस्ता झाला तर सगळ्यांचंच भलं होतं. त्या दिवशी ती चिलीम न भरता पारावर बसली.

साहेब आले. सभेला सारं गाव जमलं. बायका एका बाजूला बसवल्या होत्या, त्यांत मनकर्णाबाई धुवट लुगडं नेसून पुढं बसली होती. व्यंकटराव बोलायला उठले. स्वातंत्र्याच्या लढ्यात या गावानं काय केलं, ते सांगू लागले. डोंगर, ताप, काटे, कोकरं, सगळं आलं. तिनं पदर सावरला. आता आपलं नाव येणार, आणि एवढ्या माणसांत उठून उभं राहावं लागलं तर काय करायचं, या विचारानं तिला घाम आला.

व्यंकटराव म्हणाले, "आमच्या गावच्या ग्यानबा धनगरानं मला एकोणीस दिवस पोटच्या पोरासारखं जपलं. शिपाई आले तर तो वाघासारखा दारात उभा राहिला. आज तो आपल्यात न्हाई. त्याची विधवा इथं बसलेली हाय."

साहेबांनी तिच्याकडं बघून हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मनकर्णाबाईनं आजूबाजूला बघितलं. येडबा म्हातारा मेला होता, पण बाकीचे सगळे तिथंच होते. ग्यानबाच्या तिरडीला खांदा दिलेले चौघे पुढच्याच रांगेत होते. त्यांतल्या दोघांनी तिच्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. शेजारी बसलेल्या भागुबाईचा हात तिनं धरला. भागुबाईनं तो हळूच सोडवून घेतला आणि तीही टाळ्या वाजवू लागली. सभा संपल्यावर साहेब आणि पंच पंचायतीच्या खोलीत चहाला गेले. खिडकीतून सिगारेटचा धूर बाहेर येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देशमुखांच्या बैठकीत गेली. व्यंकटराव तक्क्याला टेकून बसले होते, बोटांत सिगारेट होती. तिला बघून ते जरा चुळबुळले आणि आतल्या बाईला चहा सांगितला. ती खाली बसली नाही.

"तुमी काल चुकलात का?" ती म्हणाली. "तवा ग्यानबाला मरून चार सालं झाली व्हती."

व्यंकटरावांनी सावकाश समजावून सांगितलं. ते चुकले नव्हते. लढ्यात भाग घेतलेल्यांची हकिकत लिहून वर पाठवायची होती. तिथं शिकलेली माणसं वाचणार. तरणा पोरगा एकोणीस दिवस एका विधवा बाईच्या वाडग्यात होता, आणि ती बाई शिपायांना चिलीम पाजत होती, हे कागदावर कसं दिसेल? त्यांच्या घरच्या मंडळींनाही ते रुचलं नसतं. शेवटी नाव कुणाचंही असो, इज्जत तर तिच्याच घराची वाढली होती. आणि ठरावाचं म्हणाल, तर घरात दार लावून तिनं हवी तेवढी ओढावी, कोण विचारायला येतंय?

"दार लावून कामून?" मनकर्णाबाई म्हणाली. मग तिच्या तोंडून तुमी गेलं आणि जुना शब्द आला. "लपलेला तू व्हतास, लेकरा. मी न्हाई."

व्यंकटरावांनी सिगारेट झटकली. "मनकर्णाबाई," ते म्हणाले, "दिवस बदललेत. जरा समजून घ्या."

दहा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. चहा आला तेव्हा ती अंगणाबाहेर पडलेली होती.

तिथून ती तडक पारावर आली. ऊन चांगलं वर आलं होतं, सात-आठ माणसं बसलेली होती. ती आपल्या जागी बसली, चिलीम भरली, पेटवली, आणि दोन झुरके घेऊन रिवाजाप्रमाणं शेजारच्या माणसापुढं धरली. त्यानं घेतली नाही. त्याला शेताकडं जायचं आठवलं. मग दुसऱ्याला आठवलं. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एकेक जण धोतर झटकून उठला आणि गेला. शेवटी मुंजाजी कोतवाल तेवढा लांब उभा राहिला, कारण ते त्याचं कामच होतं. चिलीम विझेपर्यंत ती बसली, मग राख झाडून उठली.

महिन्याभरात तिनं गावातलं घर बंद केलं आणि डोंगरातच, वाडग्याला लागून, कुडाचं खोपट घातलं. लेक न्यायला आली, ती गेली नाही. मेंढरांना वालूरचं रान सोसायचं नाही, असं तिनं कारण सांगितलं. गावातली माणसं एडके घेऊन वर यायची, ती पाठ दाबून बघायची आणि "घ्या" नाहीतर "सोडा" म्हणायची. पुढच्या साली देशमुखांच्या कळपात पाय सडवणारी खुरी लागली. त्यांचा गडी दोन मेंढ्या इलाजासाठी हाकत तिच्याकडं आला. तिनं त्या मेंढ्यांकडं बघितलंही नाही. ग्यानबाला इचारा म्हणावं तुमच्या मालकाला, एवढंच बोलून ती पाणी आणायला निघून गेली. मुक्या जनावरांवर तिनं राग काढला, हे मात्र तिला पुढं बरेच दिवस सलत राहिलं.

भागुबाई सालभर आली नाही. साठच्या चैत्रात एका दुपारी सरपणाचं निमित्त करून ती वर आली. दोघी बाभळीच्या सावलीला बसल्या. भागुबाईनं नातवाचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. सुनेनं तिची चिलीम फोडून टाकली होती, मुलगा शाळेत शिपाई लागलाय म्हणून. मग तिनं खालच्या वाटेकडं एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, "भर की एक. हितं कोण बघायलंय?"

मनकर्णाबाईनं तिला पाणी दिलं. कण्या वाढल्या, वर घट्ट दूध घातलं. जाताना सरपणाची मोळी तिच्या डोक्यावर चढवून दिली. लपून ओढायची चिलीम काही तिनं भरली नाही. भागुबाई मोळी सावरत उतरणीला लागली, आणि मनकर्णाबाई मेंढरं वळवायला ओढ्याकडं गेली.