घमेल्यातला ठेंगणा चाफा

माझ्या माहेरी, कोल्हारला, दारात एक ठेंगणा चाफा होता. देवळापुढे असतो तो उंच, वेडावाकडा चाफा नव्हे. हा माझ्या कमरेच्या वर कधी गेलाच नाही. पानं आखूड, जाड, एकमेकांना खेटून बसलेली. फुलं पांढरी, मधोमध हळदीचं बोट टेकवल्यासारखी पिवळी. फुलाचा आकार लहान, पण वास असा, की संध्याकाळी रस्त्याने जाणारा माणूस थांबून इकडेतिकडे बघायचा. आईने तो पाटाच्या साहेबांच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून मागून आणला होता. शेतात राबून आलेल्या बाईला हौसेला वेळ कुठला? पण एवढं एक झाड मात्र तिचं होतं. माझी वेणी घातली की त्यातलं एक फूल ती खोचायची आणि पाठीवर हलकी चापट मारून म्हणायची, जा आता.

माझं लग्न बघायला आई राहिली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तर भावाने पुढे दोन खोल्या काढायला घेतल्या होत्या आणि चाफा नेमका पायाच्या आखणीत आला होता. त्याचं चुकत नव्हतं, त्याचा संसार वाढत होता. तरीही मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. निघताना त्यानेच एक फांदी तोडून गोणपाटात गुंडाळून दिली. बाकीचं झाड दुसऱ्या दिवशी जायचं होतं. म्हणजे आईचं म्हणावं असं जे काही जिवंत उरलं, ते एसटीत माझ्या मांडीवर होतं. तुटल्या जागेचा पांढरा चीक नव्या लुगड्याला लागला. तो डाग पुढे कधीच गेला नाही, आणि मीही फारसा घासला नाही.

माझं सासर काष्टीच्या जवळ. ते बहात्तर साल. माहेरी घराजवळून पाट वाहायचा आणि इथे विहिरीचा तळ दिसत होता. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि सगळं गाव पोहरे टाकून तेच पाणी पुन्हा वर काढायचं. अशा घरात सून काय घेऊन आली, तर फुलझाडाची फांदी! आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती उलटीसुलटी करून बघितली.

"चाफा देवळात शोभतो, दारात न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् हितं मानसाला प्यायला पानी न्हाई."

मी हट्टाने उभीच राहिले. शेवटी सासऱ्यांनी मधला मार्ग काढला. फांदी लावावी, पण घरातल्या पाण्याचा थेंब तिला मिळणार नाही. मी मान डोलावली. त्याच संध्याकाळी, बुडाचा चीकसुद्धा वाळलेला नसताना, मी ती दाराशेजारी खड्डा करून लावली.

मान डोलावली खरी, पण मन थोडंच ऐकतं. आम्ही सगळे दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून माझ्या वाटणीचं अर्धा तांब्या पाणी मी गुपचूप चाफ्याला घालायचे. दुपारी उन्हात जीभ टाळूला चिकटायची, तेव्हा त्याची आठवण काढून बरं वाटायचं. आईला पाणी पाजून आल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

एके दिवशी कामावरून येऊन फांदीला हात लावला तर ती डुगडुगली. जरा ओढली तर सरळ हातात आली. बूड काळं, लिबलिबीत झालेलं, कुजका वास येत होता. मी नवी सून आहे वगैरे विसरून दारातच बसून मोठ्याने रडले. सगळे जमले. आत्याबाईंकडे बघून मी म्हणाले, "पाण्यावाचून मेला तो."

 मग नवरा खाली बघत पुटपुटला, की जेवल्यावर तो रोज तिथेच हात धुवायचा. सासरे खाकरले. सकाळी चूळ भरायचा तांब्या तेही तिथेच रिकामा करत होते, आणि त्यातलं घोटभरच पाणी चूळ भरायला वापरत होते. आत्याबाई पदर सारखा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "डाळीचं धुवन मीबी वतत हुते. तू आय आय करत झोपंत बोलती, मग काय करू?"

पाण्यासाठी तळमळणाऱ्या गावात आमचा चाफा बुडून मेला होता. आधी सासरे हसले, मग नवरा, आणि नाक पुसता पुसता मीही. त्या हसण्याने ते घर माझं झालं, असं मी आजही मानते.

हसून झाल्यावर सासऱ्यांनी फांदी हातात घेतली. म्हणाले, कुंपणाचा शेर आपण असाच तोडून लावतो. तो चिकाचा आणि हाही चिकाचा. शेराला कोणी कधी पाणी घालतं का? तोडायचा, वाळू द्यायचा, खोचायचा. हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण फूल म्हटल्यावर सगळ्यांनी त्याला तान्हं मूल केलं होतं.

त्यांनी विळ्याने बूड कापत नेलं, काळं संपून पांढरं लागेपर्यंत. वीतभर तुकडा उरला. चीक टपकला, तेव्हा मला हायसं वाटलं. आत्याबाईंनी चुलीतली राख कापल्या जागेला दाबून लावली आणि तुकडा फळीवर ठेवून दिला. तो तिथे सुरकुतत गेला. मला बघवेना, पण मला हात लावायची बंदी होती. मग खडीच्या कामावरचं एक फुटकं घमेलं आणून त्यात मुरूम आणि राख भरून तो लावला. या वेळी पाणी कोणीच घालायचं नाही, असं ठरलं. राखण आत्याबाईंची. पाहुणे हात धुवायला उठले की त्या आधी घमेल्यापुढे आडव्या उभ्या राहायच्या.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. चाफा घमेल्यात तसाच बुटका राहिला, पण शेंड्याला आधी हिरवं टोक आणि मग तीच आखूड, जाड पानं आली. त्यापुढच्या उन्हाळ्यात कळ्या धरल्या. मी येता-जाता वाकून बघायचे. पहिलं फूल उमललं, तेव्हा वासानेच मला कळलं, अंगणात जाऊन बघावं लागलं नाही.

मी ते खुडून देव्हाऱ्याकडे निघाले, तर आत्याबाईंनी हात धरला. "देवाला उद्याचं. ह्ये तुझ्या आयचं हाय," त्या म्हणाल्या. मला पाठमोरी वळवून त्यांनी ते माझ्या अंबाड्यात खोचलं, आणि पाठीवर हलकी चापट मारली. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं.