गॅलरीचा उजवा कोपरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, पोरीला नाही. देवापुढे हात जोडले आणि ही आठवण आली, तर हात सोडून उठून गेले आहे. तुम्ही माझ्या घरचे नाही, माझ्या जावेला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. आत्तासुद्धा मनात येतंच आहे — हे वाचून तुम्ही कुणाला सांगाल का?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. पोराच्या तोंडाकडे पाहूनच कळायचं की हा खोटं बोलतोय. त्या सवयीला मी हुशारी समजत होते. तीच सवय घरी घेऊन येत होते, हे कळत नव्हतं. की कळत होतं?

अकोल्याला जुन्या शहरात आमचं दोन मजली घर आहे. खाली आम्ही, वर धाकटे दीर आणि माझी जाऊ, वंदना. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्याला मागच्या बाजूने मोठी लाकडी गॅलरी काढली होती. परतवाड्याहून आणलेलं सागवान — खाली जाड तुळया, वर फळ्या. माझ्या स्वयंपाकघरासमोरचं अंगण बरोबर तिच्याखाली. चाळीस वर्षांच्या ऊनपावसाने फळ्यांमध्ये बोटबोट फटी पडल्या होत्या. त्यांतून वंदनाच्या कुंड्यांचं पाणी खाली यायचं, धागे यायचे, कापडाच्या चिंध्या यायच्या. आणि बोलणं यायचं.

वंदना शिवणकाम करायची. मशीन गॅलरीतच असायचं, दाराशी. आजूबाजूच्या बाया माप द्यायला यायच्या आणि तास तास बसायच्या. माझी रेणूही शाळेतून आली की दप्तर खाली टाकून वर. रेणू माझी एकुलती एक. तिची वेणी वंदना घालायची, तिच्या बाहुलीचे कपडे वंदना शिवायची. वंदनाला मूलबाळ नाही — मग माझ्या पोरीवर तिचा डोळा आहे असं मला वाटायचं. वाटायचं काय, खात्रीच होती. खाली बसून मी तांदूळ निवडायचे आणि कान वर असायचा. ऐकायचे मी. रोज.

रेणू ग्रॅज्युएट झाली आणि आम्ही तिला अमरावतीला क्लासला घातलं. स्पर्धा परीक्षेचा क्लास, होस्टेलवर राहणं. माझीच इच्छा होती. अधिकारी व्हावी, गाडीतून उतरावी.

पुढच्या मार्चमध्ये वंदना म्हणाली, "ताई, गॅलरीच्या फळ्या हलून राहिल्या. एकदा मिस्त्रीले दाखवू." साधं बोलणं होतं. माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. कावून? आत्ताच का? घर अजून सासऱ्यांच्या नावावर होतं. गॅलरी दुरुस्त करायची, मग भिंत घालून शिवणाची खोली करायची, मग वेगळा जिना काढायचा, आणि एक दिवस वरचा मजला आपला म्हणायचं — मी सगळं जुळवून टाकलं. ह्यांना सांगितलं तर हे हसले. त्यांच्या हसण्याचाही मला संशय आला.

आणि मग एका दुपारी वरून तिचा आवाज आला. फोनवर होती. कुणाला म्हणत होती ते कळत नव्हतं, पण शब्द स्पष्ट होते. "ताईले आताच नाही सांगत मी. थोडे दिवस जाऊ दे."

बस. एवढंच. हातातलं सूप तसंच राहिलं. माझ्यापासून लपवण्यासारखं काय असेल? घराशिवाय दुसरं काय? त्या दिवसापासून मी पोस्टमनची वाट पाहू लागले, वरच्या मजल्याचा कागद आधी माझ्या हाती यावा म्हणून. दिरांना चहा देताना आडून आडून विचारू लागले. वंदना महिन्यातून दोनदा अमरावतीकडे जाऊ लागली होती. बडनेऱ्याला मावसबहिणीकडे जाते, म्हणायची. मी तिची पिशवी किती भरली आहे ते पाहून ठेवायचे.

एप्रिलमधला शनिवार होता. वंदना सकाळच्या गाडीने गेली होती. दीर कामावर, हे बँकेत. तेव्हा वंदनाने बोलावलेले रशीद मिस्त्री गॅलरी बघायला आले. आमच्या भागातली अर्धी दारं-खिडक्या त्यांच्या हातची. कमी बोलणारा माणूस. वर जाऊन त्यांनी एकेक फळी ठोकून पाहिली, मग अंगणात शिडी लावून खालून तुळया पाहिल्या. मला जवळ बोलावलं. उजव्या कोपऱ्यातल्या तुळईत त्यांनी पटाशी खुपसली, तर ती भाकरीत जावी तशी आत गेली. उधई लागली होती. वरून रंग शाबूत, आत भुसा.

"भाभी, बाकी सारं लाकूड चांगलं हाय. तोडायची गरज नाही. ही एक तुळई बदलली का झालं. सोमवारी घेऊन येतो मी. तवर ह्या कोपऱ्यात कोनाले पाय ठेवू देऊ नका." ते वर काहीतरी आडवं बांधून ठेवायला दोरी शोधत होते.

मी म्हणाले, "राहू द्या. मी सांगते वंदनाले. तुमी जा."

असं मी म्हणाले. मनात तेव्हा काही वाईट नव्हतं — नव्हतंच, असं वाटतं. पण मी माझीच साक्ष कशी देऊ?

दुपारी घरच्या फोनची घंटी वाजली. बडनेऱ्याची मावसबहीण. वंदना आहे का, विचारत होती. दोन महिन्यांत भेट नाही म्हणाली. मी फोन ठेवला आणि पाटावर बसून राहिले. म्हणजे खोटं. आजचं खोटं, मागच्या वेळचं खोटं. अमरावतीला वकील असेल? की आणखी कुणी? संध्याकाळपर्यंत मी तापत राहिले, जशी एप्रिलात आमची गच्ची तापते.

ती आली दिवेलागणीला. घामाघूम. पिशवी माझ्या ओट्यावर ठेवून पाणी प्यायली. मी विचारलं, बहीण कशी आहे? बरी आहे म्हणाली. माझ्या तोंडावर, डोळ्यांत पाहून. मग तिने विचारलं, "मिस्त्री आला होता का?"

"आला होता. सोमवारी येतो म्हणाला."

"अजून काई म्हणाला?"

"नाही."

हाच तो शब्द. मला विसर पडला नव्हता. कोपरा डोळ्यांसमोर होता, पटाशी आत गेलेली डोळ्यांसमोर होती. ती मला खोटं बोलली, तर मी तिला खरं का सांगू — असं काहीतरी मनात होतं. ती पडावी असं मला वाटत होतं का? हा प्रश्न मी अकरा वर्षं स्वतःला विचारते आहे. वाटत होतं की पायाखाली करकर वाजेल, घाबरेल, तिथे बसणं बंद होईल. एवढंच वाटत होतं. की एवढंच आठवायचं ठरवलं आहे मी?

रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी चहा टाकला होता. वर तिच्या चपलांचा आवाज आला. धुतलेलं अस्तराचं कापड तिथल्या दोरीवर वाळत घालायची ती, नेहमी उजव्या कोपऱ्यात, कारण ऊन तिथेच आधी येतं. हे मला माहीत होतं. चपला दाराशी वाजल्या, मशीनपाशी वाजल्या, पुढे निघाल्या. हाक मारायला वेळ होता. भरपूर होता. मी चहाकडे पाहत होते. चहा वर आला, मी गॅस बारीक केला.

मग लाकूड मोडल्याचा आवाज आला आणि ती अंगणात पडली, कपडे धुवायच्या दगडावर.

जीव वाचला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी टाकली, पण मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. मशीन कसंबसं चालवता येतं. कात्रीने कापड बेतणं मात्र संपलं. शिवणारा माणूस बेतू शकत नसेल तर त्याच्याकडे काय उरतं, हे मला तिच्या दाराशी येणाऱ्या बाया कमी होत गेल्या तेव्हा कळलं.

रेणू त्याच दिवशी अमरावतीहून दवाखान्यात धावत आली. काकूच्या पलंगाशी बसून रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वीच तिने क्लास सोडला होता. शिवणाचा, कपडे बेतण्याचा कोर्स करत होती. वंदना बडनेऱ्याला नाही, तिच्याकडे जात होती — शिकवायला, डबा द्यायला. "मीच म्हटलं होतं काकूले, आईले सांगू नको म्हणून," रेणू म्हणाली. "तू बोलशील, मले भीती वाटे."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. वंदना गुंगीत होती. तुम्हाला वाटेल, त्या क्षणी मी तिचे पाय धरले असतील. नाही. माझ्या मनात आलं — माझ्या पोरीने आधी हिला का सांगितलं? त्या दवाखान्यातही मला तेच सुचलं.

सोमवारी रशीद मिस्त्री नवी तुळई घेऊन आले. त्यांना काही माहीत नव्हतं. अंगणात मोडकी फळी पाहून थांबले. दीर दवाखान्यातून कपडे न्यायला आले होते, ते मिस्त्रींवर धावूनच गेले. धोका होता तर सांगितलं का नाही, म्हणाले. शेजारचेही दोघेतिघे जमले.

मिस्त्री म्हणाले, "मोठ्या भाभीले सांगतलं होतं, भाऊ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मले? नाही बा. सोमवारी येतो, एवढंच म्हणाले ते."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ज्या नजरेने ते लाकूड पाहतात, तसं. मग अवजारांची पिशवी खांद्याला लावली आणि हळू म्हणाले, "माझ्याच सांगण्यात चूक झाली असंल." तुळई आमच्या दारात टाकून ते निघून गेले.

ते असं का म्हणाले? मला वाचवायला? की इथे आपलं कोण ऐकणार, हे त्यांना ठाऊक होतं म्हणून? जमलेल्यांतला एक जण त्यांच्या माघारी म्हणाला, ह्या लोकांवर भरवसाच ठेवू नये. बाकीच्यांनी माना हलवल्या. माझं खोटं इतक्या पटकन का चाललं, ते मला तेव्हाच कळलं. शाळेत मी प्रतिज्ञा म्हणून घेत असे, सारे भारतीय माझे बांधव आहेत म्हणून. त्या दिवशी मी गप्प राहिले. आमच्या गल्लीतून त्यांना पुन्हा कुणी काम दिलं नाही.

गॅलरी महिन्याभरात पूर्ण पाडली. आता तिथे लोखंडी चॅनेल आणि वर फरशी आहे. पाडायला आलेला दुसरा सुतार म्हणाला, कावून तोडून राहिले, एकच तुळई गेली होती. मी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर माझा संशय माझ्यावरच उलटला. मिस्त्री कुणाला सांगतील का? रस्त्यात दिसले की मी बोळात वळते. वंदनाने बोलता बोलता थांबून माझ्याकडे पाहिलं, की मी ओट्याकडे वळून भांडी आवरू लागते. ती मला अजून ताईच म्हणते. सणाला वरून ताट येतं. डाव्या हाताने वाढलेलं.

मागच्या दिवाळीत आम्ही दोघी करंज्या करत बसलो होतो. मी लाटत होते, ती भरत होती. कशावरून काही नाही, एकदम ती म्हणाली, "रशीद मिस्त्री खोटं बोलणारा माणूस नव्हता, ताई."

तिने मान वर केली नाही. ती वाट पाहत होती. मी बोलावं म्हणून तिने किती वेळ दिला ते मला माहीत आहे, कारण तेवढ्या वेळात माझ्या तीन पाऱ्या लाटून झाल्या.

मी म्हटलं, "सारण संपत आलं, अजून करू का?"

ती म्हणाली, "कर."