गॉलबेरी फुलायच्या आत

ड्युविट स्टॉल्वी या वयात बायकोला सोडून नदीवरच्या एका हाउसबोटवालीकडे राहायला गेला, ही बातमी मंगळवारी सकाळी मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातून निघाली आणि दुपारपर्यंत चर्चच्या पायरीवर पोचली. ती खोटी होती. मला पक्कं ठाऊक आहे, कारण दुकान माझं, आणि बातमीत हाउसबोट मीच घातली होती.

खरं इतकंच, की एकाहत्तर वर्षांचा ड्युविट आठवडाभर घरी झोपला नव्हता. अपलाचिकोला नदीच्या दलदलीत, पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या ट्युपेलोच्या झाडांत त्याचं मचाण आहे. त्यावर मधमाश्यांच्या साठ पेट्या. ट्युपेलो फुलतो जेमतेम पंधरा दिवस. तो ओसरता ओसरता उंचवट्यावरची गॉलबेरीची झुडपं फुलतात आणि माश्या तिकडे वळतात. निर्भेळ ट्युपेलोचा मध कधी साखरत नाही. त्यात गॉलबेरी मिसळली की संपलं. मागच्या वर्षी ड्युविट मेहुण्याच्या अंत्यविधीला गेला आणि मध काढायला एकच दिवस उशीर झाला. नाताळपर्यंत गावातल्या प्रत्येक फडताळात त्याच्या बाटल्या दगडासारख्या घट्ट. तेव्हाच त्याची बायको ऑर्लीन म्हणाली होती, "पुढच्या वर्षीही साखरला, तर माश्या विकायच्या. कंबर गेलीच आहे तुझी, नाव तरी राहू दे."

बुधवारी तिने माझ्या हातात डबा दिला. तळलेला मासा आणि मक्याचा पाव.

"ती हाउसबोटवाली भेटली तर तिलाही वाढ," म्हणाली.

मी होडी सुरू केली.

मचाणावर ड्युविट खुर्चीत पडला होता. टोपी तोंडावर, बूट चिखलाने जड.

"मिस्टर ड्युविट, जिवंत आहात ना?"

"मलाही अजून कुणी नक्की सांगितलेलं नाही."

डब्याकडे त्याने बघितलंही नाही. बोट तेवढं मागच्या झुडपांकडे केलं. गॉलबेरीची बारीक पांढरी फुलं, मोजून चार.

"सकाळी नव्हती ही. काढायचा मध. आत्ता."

"अहो, वर ट्युपेलो अजून घुमतोय! पेट्यांतले मधाचे कप्पे अर्धेसुद्धा भरले नाहीत."

"तू बोलायला आलीस की उचलायला?"

मग काय, उचलले. तो धूर द्यायचा, मी कप्पा काढून होडीत ठेवायचे. दर दोन पेट्यांनंतर तो खांबाला टेकायचा, डोळे मिटायचा, आणि मला वाटायचं, आता हा असाच उभ्याउभ्या झोपणार. गावाकडे चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला माझी चेष्टासुद्धा थकली होती. माश्या मात्र रिकाम्या पेट्यांभोवती रागाने फिरत राहिल्या.

शुक्रवारी मध गाळून झाला. तीन पिंपांपैकी दीडच भरलं. ऑर्लीनने बोट बुडवून चाखलं, पुन्हा चाखलं, आणि झाकण लावलं. ड्युविट उलट्या बादलीवर बसला होता, हात गुडघ्यांत लोंबकळत.

मला गप्प राहवेना. "दोन दिवस थांबला असतात, मिस्टर ड्युविट, तर तिन्ही पिंपं भरली असती."

त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"मागच्या वर्षी भरली होती," तो म्हणाला.