पनवेलचा प्रयोग आणि मिठागरावरचा फ्लेक्स

"नाटकाचे कपडे मी केलेत, बघायला ये," असा मावसबहीण मीनलचा फोन आला आणि रविवारी पहाटे मी साताऱ्याहून मुंबईची एसटी धरली. पनवेलला जाणाऱ्यांनी गाडी शहरात शिरते का, ते कंडक्टरला आधी विचारावं. माझी शिरली नाही. कळंबोलीला महामार्गावर उतरले, रिक्षावाल्याशी घासाघीस करून खांदा कॉलनीत मीनलकडे पोचले. तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण खाऊन आम्ही दुपारीच नाट्यगृहात.

नाटक मिठागरांवर राबणाऱ्या घराचं. उरणच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक जनार्दनदादा यांनी चौकटींवर कापड ताणून मिठागरं आणि त्यांवरचं आभाळ रंगवलं होतं. प्रकाशयोजनाकार शबाना शेवटच्या रांगेमागे बसून दिवे तपासत होती. तिने निळा हळूहळू वाढवला आणि त्या कापडावर खरोखर उजाडलं. मी बघतच राहिले.

चारला प्रयोग. साडेतीनला प्रायोजक बिल्डरची माणसं सोफे आणि बिल्डरसाहेबांच्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स घेऊन आली आणि थेट मिठागरावर खिळे ठोकू लागली.

"अरं, ठोकू नका! कापड हाय ते, भिंत नाय!" जनार्दनदादा धावले.

"काका, सत्कारापुरतं आहे. मागचं कोण बघतंय?"

सत्कार पाऊण तास चालला. शाली कोणाकोणाला मिळाल्या! बिल्डरच्या मेहुण्यालासुद्धा. कलाकारांना गुलाबाचं एकेक फूल. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा करणाऱ्यांचं नावही कोणी घेतलं नाही. सोफे गेले, फ्लेक्स मात्र तसाच. नाटकाच्या फोटोंत साहेब दिसायला हवेत म्हणे!

तिसरी घंटा झाली. रंगमंचावर अंधार.

व्यवस्थापक धापा टाकत आमच्या शेवटच्या रांगेमागे आला. "शबाना, लाइट!"

"आधी फ्लेक्स उतरवा. साहेबांच्या तोंडावर मी पहाट पाडणार नाही."

"पुढचे प्रयोग बंद होतील!"

"बेशक होऊ द्या."

माझं डोकं सणकलं. मी उठले आणि ओरडले, "फ्लेक्स काढा!" शेजारच्या आजोबांनी सूर धरला, मग सगळी रांग, मग बाल्कनी. शबानाने एकच साधा दिवा लावला. जनार्दनदादा पक्कड घेऊन आले आणि एकेक खिळा उपटू लागले. फ्लेक्स खाली आला, पण कापड हातभर फाटलं होतं. दादा तिथेच उभे राहिले, फाटक्या कडेवर हात ठेवून.

तेवढ्यात मीनल सुईदोरा घेऊन स्टुलावर चढली आणि भरल्या प्रेक्षागृहासमोर आभाळ शिवू लागली. कोणी खोकलंसुद्धा नाही. तिने दातांनी दोरा तोडला तेव्हा जी टाळी पडली, तशी मी कुठल्याही नटाला पडलेली ऐकली नाही.

प्रयोग उत्तम झाला. टाके दिसत होते.

सोमवारी घरी पोचले. मीनलचा फोन आला: स्थानिक पेपरात सोफ्यावरच्या मंडळींचा फोटो आलाय, बिल्डरने अंग काढून घेतलंय आणि उरणच्या कोळीवाड्यातल्या मंडळाने प्रयोग मागितलाय. जाहिरातीत जनार्दनदादांचं नाव सगळ्यात वर असेल, ही मंडळाचीच अट.

पनवेलहून मी सुकट आणली, ती संपेल. राग अजून आहे. ओरडून घसा इतका बसला होता की शाळेत दोन दिवस फळ्यावर लिहूनच शिकवलं. मुलांनी विचारलं, "बाई, सर्दी झाली का?"

मी फळ्यावर लिहिलं, "नाही. नाटकाला गेले होते."